पुट्टीचं भांडं

११ जुलै २०२५, शुक्रवार

सकाळी सव्वासहाला पुट्टी गेली. माझ्या मांडीवर गेली असं लिहायला आवडलं असतं, पण आपल्याच वहीत खोटं कशाला लिहा. ती अम्मांच्या खोलीच्या उंबऱ्यावर गेली. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, गोदूबाई, वय सत्त्याऐंशी. म्हातारपणी जनावरं थंड फरशी शोधतात, आणि मागच्या त्या खोलीइतकी थंड फरशी अख्ख्या घरात नाही.

हर्षिता आली होती. जनावरांच्या संस्थेत काम करते. चार वर्षांपूर्वी पुट्टीला सोडवायला हीच आली होती. पुट्टीला चादरीत गुंडाळून गाडीत ठेवलं तेव्हा तिनं मला जवळ घेतलं. म्हणाली, "आंटी, रोज स्वल्प लिहा. मन हलकं होतं." म्हणून ही वही.

दिवसभर रडले. हे, म्हणजे बिंदुमाधव, माझे यजमान, पेपर वाचत बसले होते. संध्याकाळी म्हणाले, "अम्माला आज जेवण दिलंस ना?" कुत्रं गेलं त्या दिवशीसुद्धा ह्यांना आपल्या आईचीच काळजी. ताट ठेवलं होतं मी. दुपारचं तसंच परत आलं.

१४ जुलै, सोमवार

पुट्टी कशी आली ते लिहून ठेवते. माणसं विसरतात.

आमच्या राजाजीनगरच्या घरासमोर हणमंतराव राहतात. त्यांची बायको वारली आणि त्यांनी अंग टाकलं. दाढी वाढवून आत बसून असायचे. कुत्री बाजूच्या मोकळ्या जागेत साखळीला. आधी भुंकायची, मग केकाटायची, मग आवाजच यायचा बंद झाला. एक दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली पाहिलं. बरगड्या मोजता येत होत्या. साखळी मानेत रुतून वर कातडं आलं होतं. भांडं होतं समोर, पण साखळी पोचत नव्हती तिथवर.

मी खाली जाऊन त्यांच्या गेटशी उभी राहिले आणि तोंड सोडलं. हणमंतराव म्हणतात कसे, "जेवण घालतोच की अक्का. रोज ताट ठेवतो, पाणी ठेवतो. ती खात नाही, त्याला मी काय करू?"

ह्या माणसाला लाज कशी वाटत नाही, असं मी अख्ख्या गल्लीसमोर विचारलं. मीच फोटो काढले, मीच हर्षिताला बोलावलं. तिनं पुट्टीच्या मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते तसंच उभं राहिलं, खाली बसेना. "अंगात पाणीच नाही हिच्या," ती म्हणाली. "अजून दोन दिवस आणि संपलं असतं."

तेव्हापासून हणमंतराव दर रविवारी हर्षिताच्या संस्थेच्या होसकोट्याजवळच्या प्राणीघरात पिंजरे धुवायला जातात म्हणे. सौ चूहे खाके... असलं हिंदी मला येतं. ढोंग आहे सगळं.

२० जुलै, रविवार

शाकव्रत चालू आहे. आमच्या घरी चातुर्मास कडक. पहिला महिना भाजी नाही, दुसरा दही नाही, तिसरा दूध नाही, चौथा डाळी नाहीत. अम्मांनी पासष्ट वर्षांत एक महिना चुकवलेला नाही. यंदा जानेवारीत त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तरी एकादशीला मीच त्यांच्या हातावर अक्षता ठेवून संकल्प म्हटला. त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हते, पण डोळ्यांत पाणी आलं. बाईची भक्ती खरीच मोठी.

वन्संचा येलहंक्याहून फोन. पद्मावती, ह्यांची धाकटी बहीण. "वैनी, मठातल्या आचारांना विचारले मी. एवढ्या वयाला आणि आजाऱ्याला कसलं व्रत, म्हणाले. अम्माला भाजी घाल की." आचार म्हणजे मठातले शास्त्री.

मी म्हणाले, "वन्सं, तुम्ही या आणि तुमच्या हातानं अम्मांचं व्रत मोडा. माझ्या हातून ते पाप नको."

गुडघे बदलून घेतलेत, त्या कुठून येतायत.

पुट्टीशिवाय घर खायला उठतं. तिचं स्टीलचं भांडं धुऊन कपाटात ठेवलं. शेवटचे सहा महिने ती भांडं तोंडात धरून अम्मांच्या उंबऱ्याशी न्यायची आणि तिथंच ठेवायची. दूध-पोळी, दहीभात, गच्चीवर वेगळ्या चुलीवर उकडलेलं अंडं. थोड्या वेळानं पाहावं तर भांडं लख्ख. शेवटपर्यंत तिची भूक चांगली होती. तरी डॉक्टर म्हणायचे, वजन उतरतंय.

६ ऑगस्ट, बुधवार

आजपासून दधिव्रत. अम्मा सकाळी "ताक, ताक" करत होत्या. वन्संचं म्हणणं, या महिन्यात ताक चालतं. चालतं, पण कसलं? मडीत, पहाटे रवीनं घुसळलेलं. मिक्सरमधलं नाही. हे मला कुणी शिकवलं? अम्मांनीच. लग्न होऊन आले तेव्हा मिक्सरमध्ये ताक केलं म्हणून त्यांनी सगळं भांडं माझ्या देखत मोरीत ओतलं होतं. आता माझा खांदा दुखतो, रवी फिरवणं होत नाही. मग राहिलं.

मडी म्हणजे आमच्याकडचं सोवळं. ते अम्मांचं अजून तसंच जपते मी. त्यांना कुणी शिवत नाही. कामवाली लांबून फरशी पुसते. हे आंघोळ करून उंबऱ्याबाहेरून नमस्कार करतात आणि फिरायला जातात. तीन दिवसांनी एकदा मी ओल्या पंच्यानं अंग पुसते, तेही वरच्यावर, लुगडं न सोडता. नव्या सुनेला चार-चार दिवस मागच्या त्याच खोलीत बसवून उंबऱ्यावरून ताट सरकवणारी बाई. आता त्या खोलीत कोण आहे? मी सूड घेत नाही. मी फक्त त्यांचेच नियम पाळते.

आज ताट अर्धं परत आलं. भात कोरडा लागतो म्हणे. दही नाही, ताक नाही, मग भात कोरडा लागणारच.

१७ ऑगस्ट, रविवार

हर्षिताची संस्था पुट्टीवर एक छोटी चित्रफीत करणार. "जगण्याकडे परत आलेली पुट्टी" असं काहीतरी. मला पंधरा मिनिटं बोलायचं आहे. मला रडू येईल, मी सांगून ठेवलं आहे.

फोनमधले जुने फोटो काढत बसले. पहिले अकरा दिवस पुट्टी कुणाच्या हातचं खात नव्हती. मी भांडं घेऊन गेले की भिंतीत शिरायची. बाराव्या दिवशी तिनं हातावरचा दहीभात खाल्ला. तो फोटो सगळ्यात चांगला आहे. फक्त त्यात हात अम्मांचा आहे. त्या तेव्हा हिंडत्या-फिरत्या होत्या. दुपारी कामं आटोपली की कुत्रीपासून चार हातांवर पाट टाकून बसायच्या आणि काहीबाही पुटपुटायच्या. रोज पाट वीतभर पुढे घ्यायच्या. मडी सोडून कुत्र्याला शिवायला लागली ही बाई, म्हणून मी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. आपल्या सुनेला कधी हातानं घास दिला नाही, आणि कुत्रीला दिला.

हात कापून टाकला फोटोतून. मनगटाजवळचा थोडा भाग राहतो, पण कुणाचा ते कळत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

क्षीरव्रत लागलं. आजपासून दूध बंद.

वन्संचा फोन, "दूध नाही तर दही तरी चालते की वैनी ह्या महिन्यात." मी म्हटलं, दही दुधाचंच होतं. हे बाहेर व्हरांड्यात उभे होते. त्यांना ऐकू गेलं. चप्पल घालून फिरायला गेले.

आज लिहूनच टाकते. अडतीस वर्षं झाली. मला चौथा महिना होता आणि क्षीरव्रत होतं. मला दुसरं काही पोटात ठरत नव्हतं, फक्त दूध ठरायचं. मी अम्मांच्या पाया पडले. म्हटलं, एक पेला द्या, मी नंतर प्रायश्चित्त घेईन. त्या म्हणाल्या, "व्रत मोडायचं नसतं, सुचे. पोर देवच बघतो." देवानं बघितलं नाही. विसाव्या दिवशी सगळं गेलं, आणि नंतर कधी काही राहिलं नाही. त्या दिवशीसुद्धा मला काळी कॉफी दिली होती. मठातले आचार तेव्हा कुठं गेले होते? वन्संनी तेव्हा कुणाला फोन केला?

मघाशी ताट ठेवायला गेले तर अम्मांनी डाव्या हातानं माझा पदर धरला. जीभ वळत नाही, तरी नीट कळलं मला. "स्वल्प दूध दे ग, सुचे."

मी म्हटलं, "व्रत मोडायचं नसतं, अम्मा."

त्यांनी पदर सोडला. माझ्याकडे बघितलं. ओळखलं त्यांनी ते वाक्य. मला वाटलं होतं, हे बोलल्यावर बरं वाटेल. वाटलं. खोटं का बोला, फार बरं वाटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

घरात उंदीर झालेत की काय. पुट्टीच्या बिस्किटांचा डबा मी आठवण म्हणून बोळातल्या खालच्या फळीवर ठेवला आहे. ती गेली तेव्हा काठोकाठ भरलेला होता. आज उघडला तर अर्धा. डब्याचं झाकण मात्र घट्ट लावलेलं. शहाणे उंदीर!

१३ सप्टेंबर, शनिवार

उंदीर नव्हे. दुपारी बोळातून काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला. उठून पाहते तो अम्मा! बसल्या बसल्या, एका हातानं अंग ओढत फळीपर्यंत गेलेल्या. मांडीवर डबा, तोंडात कुत्र्याचं बिस्किट. दात नाहीत, म्हणून गालात धरून भिजवत होत्या. पदराच्या टोकाला आणखी चार बांधलेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुट्टीची एवढीच आठवण राहिली होती, तीही ठेवली नाही ह्यांनी! आणि मडीचं काय? त्या बिस्किटांत काय काय असतं! मी डबा ओढून घेतला. त्या रडल्या नाहीत. फक्त झाकणाकडे बोट दाखवलं, म्हणजे नीट लाव.

तेव्हा डोक्यात एक किडा वळवळला. पुट्टीचं ते लख्ख भांडं. पण छे. मुकं जनावर ते. त्याला काय कळतं कोण उपाशी आहे?

डबा वरच्या कपाटात ठेवला. पडल्या-झडल्या तर नसती आफत, म्हणून अम्मांच्या दाराला बाहेरून काहीतरी लावायला हवं होतं. कडी मोडकी. पुट्टीचा पट्टा कडीतून घालून खिळ्याला अडकवला. छान बसला. तिच्या गळ्यातला घुंगरूही आहे त्याला, दार हललं की वाजतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रविवारी चित्रफीत. मी बोलायचं लिहून काढलं. शेवटचं वाक्य असं: "ज्यांना बोलता येत नाही, त्यांची भूक आपण ओळखायला शिकलं पाहिजे." वाचून दाखवलं तर ह्यांनी मान खाली घातली. डोळे भरून आले असावेत. ह्यांनाही पुट्टीचा लळा होताच.

घुंगरू पहिले दोन दिवस सारखा वाजत होता. आता शांत आहे. अम्मांना सवय झाली.

२१ सप्टेंबर, रविवार

वाईट दिवस. कुठून सुरुवात करू?

हर्षिता दहाला आली, बरोबर कॅमेरा घेतलेला एकजण. मी पुट्टीचं भांडं, फोटो सगळं मांडलं होतं. चांगली बोलत होते. शेवटच्या वाक्याला आले आणि आतून घुंगरू वाजला. एकदाच, अगदी हळू.

हर्षिता दचकली. "हा पुट्टीचा ना?"

"अम्मा असतील," मी म्हटलं. "चला पुढे."

पण ती उठली. पुट्टीला सोडवायला आली होती तशीच तरातरा गेली. दाराशी थांबली, पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पट्टा काढला. मी म्हणत होते, अगं मडीत आहेत त्या, शिवू नकोस! ऐकते कुठली. आत जाऊन गुडघ्यांवर बसली, अम्मांचा पदर बाजूला केला. मीच कितीतरी दिवसांत तसं पाहिलं नव्हतं. हर्षितानं बरगड्यांवरून हात फिरवला. मग अम्मांच्या हातावरचं कातडं चिमटीत धरलं आणि सोडलं.

मोठ्या माणसाला असं चिमटे काढतं का कुणी? काही रीतभात? ते कातडं तसंच उभं राहिलं. म्हातारपणी कातडं सैलच होतं.

ती माझ्याकडे वळली. "आंटी, हे काय आहे?"

मी म्हटलं, "काय म्हणजे? रोज ताट ठेवते, पाणी ठेवते. त्या खात नाहीत, त्याला मी काय करू?"

हर्षितानं तोंडावर हात धरला. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली ठेवला. हे व्हरांड्यात होते, तिथंच राहिले. माझी चित्रफीत राहिली ती राहिलीच.

२२ सप्टेंबर, सोमवार

काल दुपारी वन्सं ॲम्ब्युलन्स घेऊन आल्या. नव्या गुडघ्यांनी सुद्धा माणूस येऊ शकतो तर! हर्षितानं ह्यांच्या फोनमधून वन्संचा नंबर घेतला म्हणे, आणि ह्यांनी दिला.

अम्मांना चादरीत उचललं. दोन माणसं लागतील म्हणून दोघं आले होते, एकानंच उचललं. जाताना वन्सं फक्त ह्यांना म्हणाल्या, "अण्णा, तू रोज नमस्कार करत होतास ना रे? काय बघत होतास?"

सगळी गल्ली दारात उभी. हणमंतरावही गेटशी उभे होते, मी एकदा उभी होते तसे. बघवत नसल्यासारखे आत गेले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

परवा सकाळी अम्मा गेल्या.

दवाखान्यात नाकातून नळी घालून दूध दिलं म्हणे, दहा दिवस. आधी थोड्या सुधारल्या. डोळे उघडले, वन्संना ओळखलं, पुट्टी कुठं आहे असं खुणेनं विचारलं. मग छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणायला हवं होतं. मी म्हणते, पासष्ट वर्षांचं व्रत नळीनं मोडलं, देव कसा सोसेल? दोनच दिवस राहिले होते क्षीरव्रताचे. माझ्या घरी असत्या तर पुरं झालं असतं.

सगळे विधी येलहंक्याला. मला बोलावलं नाही. हे गेले ते अजून परतले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "थोडे दिवस पद्माकडेच राहतो." आवाज मोठा होता त्यांचा. इतक्या वर्षांत ह्यांचा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

मागची खोली धुऊन घेतली. उशीखाली एक बिस्किट सापडलं. अर्धं खाल्लेलं. बाकीचं अर्धं पुट्टीच्या जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. कुणासाठी ठेवलं होतं?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मी संस्थेला अर्ज केला आहे. एक कुत्री द्या, आजारी, म्हातारी, कसलीही. मी तिला माणसात आणीन, मला जमतं. अर्जात विचारलं होतं, घरात आणखी कोण? लिहिलं, कुणी नाही. घर रिकामं आहे, मागची खोली थंड आहे, जनावराला चांगली.

घर कसं शांत झालं आहे ते कुणाला सांगू. स्वैपाक एकटीसाठी करते. द्विदलव्रत चालू आहे, डाळ नाही. भात कोरडा लागतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

अर्ज परत आला. एकच ओळ, खाली हर्षिताची सही. "या घरी जनावर देता येणार नाही." तीनदा फोन केला. उचलत नाही.

संध्याकाळी गेटशी उभी होते. समोर हणमंतराव रिक्षातून उतरले. छातीशी शालीत काहीतरी. पिल्लू! एक पाय जायबंदी, कान खाल्लेले, पण डोळे अगदी पुट्टीचे. प्राणीघरातून आणलं म्हणाले. चार वर्षं दर रविवारी मागत होते, आज दिलं. हर्षितानं स्वतः दिलं.

ज्यानं पुट्टीला साखळीवर वाळवलं त्याला दिलं, आणि मला नाही!

मी रस्ता ओलांडून गेले. पिल्लानं मान वर करून माझा वास घेतला. मी हात पुढे केला. हणमंतराव एक पाऊल मागे सरले. रागानं नाही, सहजच, दुखऱ्या जागेला कुणाचा धक्का लागू नये म्हणून आपण सरतो तसं.

"राहू द्या, अक्का," ते म्हणाले.

मग माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "तुम्हालाही तेच वाटतं ना? गल्लीला वाटतं तेच? अहो, मी रोज ताट ठेवत होते, हणमंतराव. पाणी ठेवत होते."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी पण ठेवत होतो, अक्का."

आणि त्यांनी आत जाऊन गेट लावून घेतलं.